आमची वाटचाल : खाणीतली कच कुंडीत

पुण्यात गच्चीवर अडेनियम (जाड बुंध्याचं फुलझाड) आणि निवडुंग लावणारे पुष्कळ. उन्हाळाभर झाड छान फुलतं आणि जुलैच्या झडीत बुंध्याशी मऊ पडून कुजतं. दोष सगळे पावसाला देतात, पण खरं कारण कुंडीतली काळी माती. ओली झाली की ती फुगते, पाणी धरून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. यावरचा उपाय आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातच आहे, या विश्वासावर आम्ही धुतलेली कच, म्हणजे दगड फोडताना निघणारी बारीक खडी, विकायला सुरुवात केली.

पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूला दगडखाणी आणि दगड फोडणारे क्रशर आहेत. तिथली कच बांधकामासाठीची. तिच्यात भुकटी फार. तशीच वापरली तर भुकटी मातीतल्या पोकळ्या बुजवते. म्हणून दोन चाळण्या लावल्या. पहिलीने ५ मिलिमीटरहून मोठे खडे बाजूला, दुसरीने २ मिलिमीटरहून बारीक माल खाली. मधली कच निवळ पाणी येईपर्यंत धुवायची. ते पाणी टाकीत निवळून पुन्हा वापरतो.

विक्रीपेक्षा जास्त वेळ एक समज काढण्यात गेला. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की पाणी निघून जातं, असं बहुतेकांना वाटतं. दुकानात तळाला भोकं पाडलेल्या दोन पारदर्शक बरण्या ठेवल्या आहेत. एकीत खाली खडे, वर माती. दुसरीत दोन्ही कालवलेलं. पाणी ओतलं की पहिलीत खड्यांच्या अगदी वरचा मातीचा पट्टा चिंब राहतो, कारण बारीक माती पाणी धरते, खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी सोडत नाही. दुसरीतलं पाणी झरझर खाली येतं. हे बघितल्यावर आम्हाला फार बोलावं लागत नाही.

अडेनियमला आम्ही निम्मी कच, उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि गांडूळखत सांगतो. गुलाबाला पाचवा हिस्सा पुरतो. नेच्यांसाठी (फर्नसाठी) कुणी मागितली तर घेऊ नका म्हणतो. त्यांना ओल हवी असते. पाडकामाचा चुरा मात्र कुणीही वापरू नये, सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते. समुद्राच्या वाळूत मीठ असतं.

बाहेरगावहून मागणी येते, पण दगडाचं वजन! कुरिअरचा खर्च मालाहून जास्त होतो. अशांना आम्ही चाळणीचं माप आणि धुण्याची पद्धत फोनवर सांगतो आणि जवळच्या क्रशरवर पाठवतो. तिथे कच घमेल्याच्या हिशेबाने स्वस्तात मिळते.