तुम्ही विचारलंत म्हणून: 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असं माझ्या तोंडून कसं निघतं

अंगणवाडीत, बचत गटात, एसटीत आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतसुद्धा हा प्रश्न मला हमखास येतो. विचारायची तऱ्हा तेवढी वेगळी. शेजारच्या काकू सरळ म्हणतात, "काहो बाई, पोराचे एवढे हाल पायता तुमी, तरी देवाची इच्छा म्हन्ता. जीभ कशी रेटते तुमची?" मंडळीतली माणसं सभ्यपणे विचारतात, "हे दुःख प्रभूच्या हातून स्वीकारायला तुम्ही कसं शिकलात?" काकूंचा प्रश्न मला जास्त खरा वाटतो, म्हणून उत्तर त्यांनाच देते.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे. आमच्या यवतमाळकडे हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, तरी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पुढे प्राणवायू पोचत नाही. धड पेशी चारेक महिने जगते, ही दोन-तीन आठवड्यांतच मरते. म्हणून रक्त कायम कमी, आणि अडकलं की हाडं फोडून काढल्यासारखं दुखतं. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत, त्यानं दुखणं कमी वेळा येतं. हाडातली मज्जा बदलायचा इलाज आहे, पण त्याला जुळणारं सख्खं भावंड असलं तर बरं, आणि आमचा एकुलता.

दुखणं येतं ते बहुतेक थंडीत, ऐन वेचणीच्या दिवसांत. मिसरूड फुटलेला पोरगा, बाहेर झोपलेल्या बापाला ऐकू जाऊ नये म्हणून गोधडीचं टोक दातांत धरतो. मी तव्यावर फडकं गरम करून त्याच्या नळीवर ठेवते आणि थोड्या थोड्या वेळानं पाण्याचा पेला तोंडाला लावते, कारण अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं वाढतं. एकदा मी पुटपुटत होते तर म्हणाला, "आई, प्रार्थना मंग कर. आता पाय धर." मी पाय धरला.

असल्या रात्री माझ्या तोंडून 'तुझी इच्छा' निघत नाही, काकू. निघतं ते "थांबव रे बापा."

आणि बायबलातही हेच आधी आहे. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं पहिल्यांदा काय मागितलं? हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळून जावो. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्याच्या मागून आलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर तो तीनदा जाऊन प्रार्थना करतो. आम्ही मागचं अर्धं वाक्य तेवढं कॅलेंडरवर छापतो, नि ज्याच्या घरी दुखणं आहे त्याला नाताळात भेट देतो. मला पहिलं अर्धं सोडायचं नाही. देवाच्या लेकानं जे मागितलं ते मागायला मला कोणाची लाज?

भेटायला येणाऱ्यांचं सांगते. बायबलातला ईयोब, लेकरं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेला. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग बोलायला लागले, देवाची बाजू घेऊन ईयोबाला त्याचं पाप समजावत सुटले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच भडकला. आमच्याकडे सात मिनिटंही कोणी गप्प बसत नाही. चहा उतू जायच्या आत "प्रभूची काहीतरी योजना असेल" हे येतंच. गावातले बाकीचे मागच्या जन्माचा भोग म्हणतात. दोन्हीत मला फारसा फरक दिसत नाही.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि आईबापांनीही नाही. हे मी किती वेळा वाचलं असेल. कारण रक्ताच्या हिशेबानं हे त्याला आमच्याकडूनच आलंय. त्याचे बाबा वाहक, मी वाहक, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही; अशा जोडप्याच्या दर बाळंतपणात मूल आजारी निघायची चारात एक शक्यता. आम्हाला दोघांना काहीच त्रास नाही. उलट डॉक्टर म्हणाले, ज्याच्याकडे हा दोष एकाच बाजूनं येतो त्याला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत तो टिकून राहिला. म्हणजे ज्यानं माझे आजे-पणजे तगले असतील, तेच दोन्हीकडून आलं तर माझ्या लेकाला छळतं. आता यात देवाची इच्छा नेमकी कुठं ठेवू? मला ठरवता आलेलं नाही, आणि प्रवचनात जे चटकन ठरवतात त्यांचं मला पटत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव असल्या वेळी आमच्यात हटकून निघतं. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही होत नाहीत तोच नवरा. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणून पुढचं काही टळलं नाही. १९२१ साली एकुलती मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः, बायबलचं भाषांतर हातावेगळं करून. सांगणारे असं सांगतात की जणू लेकीला पोचवलं, डोळे पुसले नि कामाला बसल्या. मी आई आहे. मधल्या रात्री मला दिसतात.

तर मी स्वीकारलंय ते एवढंच, की माझ्या मागणीवर पोरगा बरा होईलच असं नाही, आणि तो बरा झाला नाही तर मी देवाशी बोलणं सोडणार नाही. भांडण त्याच्याशीच करीन. सकाळी दुखणं ओसरलं की प्रभूची प्रार्थना म्हणते, त्यात 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' येतं, आणि तेव्हा जीभ अडत नाही. का अडत नाही ते मात्र काकूंना समजेल असं सांगता येत नाही.

आणखी एक. देवाच्या इच्छेच्या नावावर माणसाचं काम ढकलू देत नाही मी. रक्त मिळालं नाही, गाडी आली नाही, तपासणी झाली नाही, हे सगळं देवाच्या खात्यावर मांडायला फार सोपं असतं. सध्या पुतणीचं लग्न ठरतंय. तिच्या तपासणीत ती वाहक निघाली, म्हणून मुलाचीही करा असा निरोप मी धाडला. तिकडून उत्तर आलं, "तुमी तं इश्वासाची मानसं, मंग तपासनी काहाले पाह्यजे?" मी म्हटलं, प्रार्थना साक्षगंधाच्या दिवशी पाळकसाहेब करतीलच, पण तारीख रिपोर्ट पाहून धरू. चार दिवस फोन आला नाही. मग मुलगाच आपणहून ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणीला रक्त देऊन आला.