कॉम्प्युटरच्या कानातले बोळे

आमच्या शहापुरात पाऊस लागला की आधी मीठ पाझरतं, काड्यापेटी सर्दावते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. आणि घरातली वडीलधारी माणसं कानात कापसाचे बोळे घालून फिरायला लागतात. खानापूर-जांबोटीकडून येणारं गार वारं कानातून शिरतं आणि थेट गुडघ्यात जाऊन बसतं, असं बेळगावातलं शास्त्र आहे. त्यामुळं एका आषाढात माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या भोकांतून पांढरे बोळे डोकावताना दिसले, तेव्हा हे काम कुणाचं हे विचारायची गरज पडली नाही.

"धूळ जातीय, ओल जातीय म्हणून तुम्हीच कुरकुरत होता न्हवं?" बायको म्हणाली. "घातले बोळे."

माझा धंदा लग्नपत्रिकांचा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, मधे गणपती. आषाढी एकादशीच्या आसपास मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हणजे हवा सगळ्यात दमट असते नेमकी तेव्हाच माझी मशीन रिकामी बसते. चालू कॉम्प्युटर स्वतःच्या उबेनं थोडा कोरडा तरी राहतो. बंद असला की तो आणि घराची भिंत सारखेच, दोघांनाही ओल येते. त्यात शेजारी यंत्रमाग. सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत तरंगत असतात. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं, हवं तर कन्नडमध्येही.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर पहिलं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं. बोळा काढून पेनड्राइव्ह मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे त्या जोडणीच्या भोकात, घातला. काही नाही. शेजारच्यात घातला. तरी काही नाही. समोरच्या पोर्टमध्ये, जो मी रोज वापरतो, त्यात मात्र चटकन लागला. वधूपित्यासमोर मी आपला मागे वाकून फुंकर मारत बसलो. (फुंकर मारू नये. तोंडातली वाफ आणि थुंकीचे कण तेवढे आत जातात. हे मला नंतर कळलं.)

दुरुस्तीला अनगोळचा एक पोरगा येतो. त्यानं चिमट्यानं आतून कापसाचा दमट पुंजका ओढून काढला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर कानातून चवळी निघालेल्या पोराच्या आईकडं बघतात.

"काका, कापूस कुणी घालाय सांगितला ओ? ह्यो पाणी धरून बसतोय की."

बायको स्वयंपाकघरात एकदम कामात गुंतली.

मग त्यानं टॉर्च मारून दाखवलं. यूएसबीच्या साध्या पोर्टमध्ये चार पट्ट्या असतात, निळ्या रंगाच्यात आणखी पाच. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा असतो, पण तो इतका पातळ की त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात. धुळीत क्षार असतात, ते हवेतली ओल ओढून घेतात, आणि छिद्रांतून ती खालच्या तांब्यापर्यंत पोचली की हिरवट गंज चढतो. वर पुष्कळ कॉम्प्युटरांत मशीन बंद केली तरी, भिंतीवरचं बटण चालू असेतो, पोर्टमध्ये पाच व्होल्ट येतच राहतात. ओल अधिक वीज, म्हणजे गंजाला आयतंच खतपाणी.

पण मला खरी मौज वाटली ती समोरच्या पोर्टची. तो इतकी वर्षं उघडा, त्याला ना बोळा ना टोपी, तरी आतून लखलखीत. "तुम्ही रोज घालताय, काढताय. घासून घासून साफ ऱ्हातंय," पोरगा म्हणाला. जे वापरलं ते टिकलं आणि जे जपून ठेवलं तेच गेलं! आमच्या परड्याच्या दाराचंही असंच झालेलं. पुढच्या दाराची बिजागरी पन्नास वर्षं कुरकुरत चालू आहे, परड्याची कुणी न उघडताच गंजून बसली.

त्यानं ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून, मशीनची वायर काढून, एकेक पोर्ट साफ केला. एक वाचला, एक गेला. मग रबराच्या टोप्या आणल्या. दोन गोष्टी बजावल्या. टोपी कोरड्या दिवसात घालायची, नाहीतर आतली ओल आतच कोंडते. आणि फक्त पोर्टला घालायची; पंख्याची जाळी बुजवायची नाही, तिथून मशीन श्वास घेते. हे बरं झालं सांगितलं, कारण बायकोनं स्कूटरचं प्लॅस्टिकचं कव्हर मापाला काढलं होतं. मी स्वतः त्याआधी एकदा सेलोटेप लावून बघितली होती. एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक पघळला. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

आता मृगाआधी कौलं शाकारायला माणूस येतो त्याच आठवड्यात मी टोप्या घालतो. पावसात एकदोन दिवसाआड अर्धा तास मशीन चालू ठेवतो, काम नसलं तरी. सगळ्यात मोठी टोपी व्हीजीएची, मॉनिटर जोडायचा पंधरा भोकांचा तो जुना पोर्ट, १९८७ सालची रचना. माझा मॉनिटर एचडीएमआयवर जाऊन कित्येक वर्षं झाली, तिथं आता काही जोडलं जाणार नाही. तरी त्याची टोपी हरवली तेव्हा मी अर्धा दिवस टेबलाखाली शोधत होतो.

आणि एक धूळ आहे जिच्याबद्दल पोरगा काहीच बोलला नाही. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार, सगळं त्याच्या डोक्यावर. हळद यंत्रमागाच्या सुतापेक्षा बारीक असते. गेल्या वर्षी बायको ताट घेऊन दारात आली आणि चिमूट हवेतच धरून थांबली.

"टोप्या घातल्या काय ओ?"

"घातल्या."

"ती मोठी?"

मी मागे वाकून बघितलं. मोठी तेवढी राहिली होती.