जे बॅगेत बसतं ते खायचं नाही

सध्या आमच्या स्वयंपाकघरात हा एकच कायदा चालतो. बायकोला म्युनिकमध्ये नोकरी मिळालीय, फेब्रुवारीत आम्ही तिघं निघणार. तोवर जे सोबत नेता येणार आहे त्याला हात लावायचा नाही. शेंगाची चटणी, कडक भाकरी, काळा मसाला, सगळं बंद. जे सोलापूर सोडून येऊच शकत नाही तेवढंच ताटात. कायदा बायकोने काढला, अंमलबजावणी माझ्याकडे आली. टॉवेलच्या कारखान्यातली हिशेबाची नोकरी मी सोडली, त्यामुळे दिवसभर घरी मीच असतो.

कागदपत्रांचं काही सांगत नाही. झेरॉक्स, शिक्का, परत झेरॉक्स. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

न येणाऱ्यांत पहिला मान हुरड्याचा. मित्राचं शेत मंगळवेढ्याकडे, काळी जमीन, सगळी मालदांडी ज्वारी. पण बांधाच्या कडेला चार ओळी गुळभेंडीच्या, खास हुरड्यासाठी. आगटीतला गोवऱ्यांचा जाळ बसला, नुसता विस्तव राहिला की त्यात कणसं खुपसायची. बाहेर काढलेलं कणीस हाताला चटका देतं, पण निवायची वाट बघितलीत तर संपलं. गरम आहे तोवरच तळहातावर चोळायचं, तेव्हा दाणे सुटतात. मग फुंकर मारायची. कोंडा उडून जातो आणि ओंजळीत हिरवे, ओलसर, एखादा करपलेला असे दाणे उरतात. पोरगी आधी हात झटकत ‘भाजलं, भाजलं’ म्हणून ओरडत होती. नंतर स्वतःच चोळून मला न विचारता फस्त करायला लागली. फ्रीजरमध्ये ठेवा वगैरे मला कुणी सांगू नका. म्युनिक राहू द्या, हुरडा सोलापुरातल्या सात रस्त्यापर्यंत आणला तरी त्याची निम्मी मजा जाते.

आता हुरड्यासोबत शेंगाची चटणी तर लागतेच. कायदा मोडला का? मित्राच्या घरची चटणी आपल्या बॅगेतली नव्हे, असा निकाल मी जागेवरच दिला. बायको काही बोलली नाही. तिच्या पानात चटणी माझ्यापेक्षा जास्त होती.

“तिकडं काय खाणार बे तुमी? पाव?” मित्राने विचारलं.

“पावच की. त्याच्यावर चटणी.”

तो बराच वेळ हसत होता, पण मी गंमत करत नव्हतो.

संक्रांतीला शेजारच्या काकूंनी सकिनालू दिले. त्यांचं घर पद्मशाली, आजोबांच्या पिढीत तेलंगणातून मागावर कामाला आलेलं. तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून, कापडावर हाताने एकात एक गोल वळे घालत जायचं आणि मग तळायचं. वस्तू कोरडी, टिकाऊ, म्हणजे कायद्याने नेण्यात जमा. पण बोट लागलं तरी मोडतात. प्रवासास अपात्र ठरवून त्याच संध्याकाळी चहासोबत संपवले.

नेण्याच्या यादीला कात्री मात्र आम्ही नाही, त्यांच्या नियमांनी लावली. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे आईचं साजूक तूप गेलं, पेढे गेले. ताजी डाळिंबंही कागदपत्रांशिवाय नाहीत. तूप चालत नाही म्हटल्यावर आई जर्मनीवर जी नाराज झाली ती अजून आहे.

तिने सगळा जीव चटणीत ओतला. मिक्सरला हात लावू दिला नाही. मिक्सरमध्ये कूट होतं, चटणी होत नाही, हे तिचं मत आणि आता माझंही. शेंगदाणे खमंग भाजून, सालं पाखडून, तिखट, मीठ, जिरं आणि लसूण घालून उखळात कुटत राहायचं. आधी भुगा होतो, मग त्याचे गोळे बांधायला लागतात, आणि एका क्षणी मुसळ वर येतं ते तेलाने चकाकत. तिथे थांबायचं. चाखायला मला बोलावलं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे, हेही कलम मी जोडून घेतलं.

ज्वारीचं पीठ नेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना भाकरी चिरते, आणि दोष बायकांच्या हाताला मिळतो. त्यातून तिथल्या घरात जाळाचा गॅस नाही, काचेची सपाट शेगडी आहे. म्हणून कडक भाकरी. पापडासारखी पातळ, महिना-महिना काही होत नाही, आमटीत चुरली की काम झालं.

वजनाला ती काहीच नाही, पण जागा खाते आणि चेंगरली की चुरा. माणशी २३ किलोच्या बॅगेत चार किलो चटणी मंजूर झाली. भाकरीच्या डब्याला जागा हवी तर एक जाड कोट बाहेर काढावा लागतो. शेवटी कोट माझाच निघाला. तो मी अंगात घालून जाणार. फेब्रुवारीतल्या सोलापूरच्या दुपारी लोकरीचा कोट घालून स्टेशनवर उभा दिसलो तर ओळख दाखवा, डबा धरायला माणूस लागेलच.