तुम्ही विचारलंत म्हणून: २४ पोरांच्या बँडनं ड्रम कोअरकडून काय घ्यावं?

"ड्रम कोअरच्या इंडियानापोलिसमधल्या अंतिम फेरीचे व्हिडिओ बघून अंगावर काटा येतो. आमच्या हायस्कूलच्या बँडात जेमतेम २४ पोरं आहेत. त्यांच्याकडून असलं काही करून घेता येईल का?"

हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात राहणारे मराठी आईबाप असतात. लेक नुकतीच क्लॅरिनेट घेऊन मार्चिंग बँडमध्ये गेलेली असते आणि बँडच्या सरांनी यांनाही मदतीला ओढलेलं असतं. उत्तर असं: त्यांचा शो उचलू नका, त्यांची तालीम उचला.

आधी फरक समजून घ्या. ड्रम कोअर (लिहिताना कॉर्प्स, म्हणताना कोअर) म्हणजे शाळेचा बँड नव्हे. ती ब्रास (पितळी वाद्यं), ड्रम आणि झेंडे घेऊन मैदानावर चालत शो करणारी स्वतंत्र संस्था असते, फार तर २१-२२ वर्षांपर्यंतची मुलं घेते. हिवाळ्यात निवड, मेच्या मध्यानंतर दिवसाला दहा-बारा तास तालीम, मग ऑगस्टपर्यंत बसनं गावोगाव दौरा आणि रात्री कुठल्याशा शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोप. या कोअरच्या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलचं पहिलं अजिंक्यपद १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाईटवॉटरला ॲनाहाईम किंग्जमेन या कोअरनं जिंकलं. २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑईल स्टेडियममध्ये भरते. २०१४ मध्ये ब्लू डेव्हिल्स या कोअरला १०० पैकी पडलेले ९९.६५० गुण हा आजवरचा उच्चांक, आणि चाहते मंडळी तो आकडा जन्मतारखेसारखा पाठ म्हणून दाखवतात.

अशा कोअरमध्ये दीडशेहून जास्त जण असतात आणि फुंकायच्या वाद्यांत फक्त ब्रास असतं. क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन नाहीतच. म्हणजे लेकीच्या वाद्याला तिथं जागाच नाही. तासांचा हिशेबही करा: तुमची तालीम आठवड्यात दोन संध्याकाळी दोन-दोन तास. त्यांचा एक दिवस म्हणजे तुमचे तीन आठवडे. त्यामुळे एखाद्या कोअरचा गाजलेला तुकडा उतरवून पोरांपुढे ठेवणं हा खेळ पहिल्या शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यातच संपतो.

आता मैदानाकडे या. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांवर रेषा असते. दोन रेषांमध्ये ८ पावलं, हे सगळ्या मार्चिंगचं मूळ माप. एक पाऊल साडेबावीस इंच, म्हणजे साधारण ५७ सेंटिमीटर. हायस्कूलच्या मैदानावर प्रेक्षकांकडच्या साईडलाईनपासून पुढच्या हॅशपर्यंत (हॅश म्हणजे मैदानाच्या आत साईडलाईनला समांतर जाणाऱ्या आखूड खुणांची ओळ, एक पुढची, एक मागची) २८ पावलं. एवढे दोन आकडे पोरांच्या पायात बसले, की बाकीचं गणित सोपं आहे. प्रत्येकाच्या जागेला डॉट म्हणतात आणि ती अशी लिहितात: साईड १, ४५ च्या रेषेबाहेर २ पावलं, पुढच्या हॅशच्या पुढे ६ पावलं. (साईड १ म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडचा अर्धा भाग. मधली रेषा ५० ची, तिथून दोन्हीकडे आकडे उतरत जातात.) कोअरमधली मुलं हे छोट्या वहीत लिहून वही दोरीनं अंगावर अडकवतात. ही वही मात्र जरूर घ्या. फोनवर डॉट बघायला दिले, की एका हातात वाद्य, दुसऱ्या हातात फोन आणि उन्हात काळा पडदा, अशी गत होते.

सरावाला रेषा आखलेलं मैदान मिळत नसेल, तर पार्किंगच्या डांबरावर मोजपट्टी, दोरी आणि खडू घेऊन बसा. दर १५ फुटांवर रेषा मारा, साईडलाईनपासून ५३ फूट ४ इंचांवर हॅशची खूण करा. पस्तीसच्या एका रेषेपासून दुसऱ्या पस्तीसपर्यंत आखलंत तरी पुरे. २४ जणांची एक रांग दोन-दोन पावलं अंतर ठेवून लावली तर ४६ पावलांची होते, आणि त्या दोन रेषांमध्ये पावलं आहेत ४८. लहान बँडनं याच्या बाहेर आणि पुढच्या हॅशच्या मागे जायचं कारण नाही. पोरं पसरली की बँड मोठा दिसत नाही, उलट मधली रिकामी हिरवळ मोठी दिसते.

चालीत नेमकं काय चुकतं? आठ मोजेपर्यंत पाऊल रेषेवर पडतं, पण पहिली दोन पावलं तोकडी आणि शेवटची दोन ताणलेली. कारण निघताना अंगाचा भार टाचांवर असतो. शेवटच्या मात्रेलाच भार चवड्यांकडे आणला, की पहिलं पाऊल पुरं पडतं. पुढे जाताना टाच आधी, चवडा वर उचललेला, मग तळवा गडगडत खाली. मागे जाताना टाचा जमिनीला लावायच्याच नाहीत. टाच आपटली की हादरा थेट ओठांपर्यंत पोचतो आणि सूर थरथरतो. ट्रम्पेटवाला "माझं वाद्य बिघडलंय" म्हणून येतो, तेव्हा त्याला आधी जागेवर उभ्यानं एक लांब सूर फुंकायला सांगा. उभ्यानं तो स्वच्छ निघाला, तर त्याच्या पायांकडे बघा.

ड्रिल, म्हणजे कोण कधी कुठं चालत जाणार याचा आराखडा, लिहिताना हे माप सोडू नका. १६ मात्रांमध्ये २४ पावलांचं अंतर कापायला लावलंत, तर एकेक पाऊल ८५ सेंटिमीटरच्या पुढे जातं. कोअरची २० वर्षांची मुलं ते हसत करतात, नववीचं पोर वाद्य ओठांवरून काढून धावत सुटतं. तुमची मर्यादा १६ मात्रांना १८ ते २० पावलं. आणि जिथं वाजवायला अवघड आहे तिथं उभं राहू द्या, जिथं सूर लांब आहेत तिथं चालवा. सगळा शो पाच-सहा मिनिटांचा आणि डॉट १५ ते २० पुरेत.

आता आवाज. सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो आणि सगळ्यात कमी बोललंही याच्यावरच जातं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागच्या हॅशपासून पुढच्या साईडलाईनपर्यंत साडेबत्तीस मीटर आहेत. म्हणजे मागे पडलेला ठोका पुढे पोचायला ९५ मिलिसेकंद घेतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा हिस्सा जवळपास एवढाच असतो. पोरं पुरेपूर तालात वाजवत असतील आणि तरी स्टँडमध्ये फरफट ऐकू येईल. (पुढच्या हॅशच्या पुढे राहा म्हटलं त्याचं हेही एक कारण. तिथं हा उशीर निम्म्यावर येतो.)

कोअरचा उपाय साधा आहे: मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) आणि त्याचा स्पीकर मैदानाच्या मागे, ड्रमच्या पाठीशी. नवीन शिकवणारा तो हटकून पुढे, स्वतःच्या पायाशी ठेवतो. मग मागची पोरं तो ठोका उशिरा ऐकून वाजवतात आणि त्यांचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच उशीर करतो. चूक दुप्पट. स्पीकर मागे असला, की ठोका लाटेसारखा पुढे सरकतो. ज्याच्यापाशी पोचेल तो त्याच्यावर वाजवतो आणि सगळे आवाज एकत्रच प्रेक्षकांपर्यंत येतात. शोच्या दिवशी मेट्रोनोमच्या जागी ड्रमलाईन, म्हणजे चालत वाजवणारे ड्रमवाले. ड्रमलाईनच्या मधला वादक ड्रम मेजरचे (समोर उभं राहून हातांनी ताल दाखवणाऱ्याचे) हात बघतो, कारण डोळ्यांना दिसायला उशीर लागत नाही. पुढे झायलोफोन-मरिंबा घेऊन बसलेल्या पिटनं मात्र ड्रम मेजरकडे बघायचंच नाही, कान मागे लावायचे. रांगेच्या टोकांनाही हाच नियम: समोरच्या टोकाचं ऐकायचं नाही, मधल्या ड्रमचं ऐकायचं. ढोल पथकात वाजवलेल्यांना हे पटकन समजतं. लांब मिरवणुकीत मागच्या ओळीचे ढोल ओढल्यासारखे ऐकू येतात, ते ढोलवाल्यांच्या आळसानं नव्हे, अंतरामुळे.

वाद्यांची वाटणी करताना एकच कसोटी लावा: उद्या एक पोर तापानं घरी राहिलं तर काय पडेल? ट्रम्पेटचे चार असतील तर तीन भाग करू नका, दोन करा, प्रत्येक भागावर दोघं. सूसाफोन (अंगाभोवती घालायचं, खालचे सूर देणारं मोठं ब्रास वाद्य) एकच असेल, तर त्याला श्वासाच्या जागा लिहून द्या आणि तोच खालचा सूर बॅरिटोनलाही द्या. दुसरा सूसाफोनवाला नसल्यानं आळीपाळीनं श्वास घेण्याची सोय नाही. फ्लूट खालच्या सप्तकात मैदानावर ऐकूच येत नाही, वर लिहा. क्लॅरिनेटचंही तसंच. त्यांना मागच्या ओळीत ट्रम्पेटच्या तोंडासमोर उभं करणारा ड्रिल लिहिणारा मला तरी कळलेला नाही. सॅक्सोफोन कुठूनही ऐकू येतो, त्याची काळजी नको. फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे असतं, म्हणून मैदानावर त्याऐवजी पुढे तोंड असलेला मेलोफोन द्यायचा. फक्त हॉर्नवाल्याला आधी सांगा की बोटं ट्रम्पेटसारखी आहेत, नाहीतर पहिला आठवडा तो चुकीच्याच कळा दाबत राहतो.

ड्रमच्या बाबतीत चाहत्याचा मोह सगळ्यात महागात पडतो. नऊ स्नेअर (खडखडीत आवाजाचे ड्रम), चार-पाच टेनर (एकाच वादकापुढे अनेक ड्रमांचा संच), पाच बास ड्रम हे चित्र डोक्यात बसलेलं असतं. २४ मधून सहा पोरं काढलीत तर दोन स्नेअर, एक टेनर, तीन बास. कोअरमध्ये बासची एकच झरझर जाणारी ओळ पाच जणांत वाटलेली असते, प्रत्येकाचा एकेक ठोका. त्यातला एक नसला की दात पडल्यासारखं होतं. तिघांसाठी बहुतेक ठोके एकत्र लिहा आणि वाटणी केलीच तर अर्ध्या मात्रेची, त्याहून बारीक नको. स्नेअरचं कातडं हाही तसाच मोह. कोअरचा तो कोरडा, खटकन येणारा आवाज केव्हलारच्या (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या) अतिशय ताणलेल्या कातड्याचा आहे. शाळेच्या कोठीतल्या जुन्या ड्रमला तो ताण पेलत नाही, लग (ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते तुकडे) उपटतात, लाकूड वाकतं. साधं प्लास्टिकचं मायलर लावा, मध्यम ताणा. आणि सगळ्यांच्या काठ्या एकाच उंचीवरून खाली येतात का ते बघा. कोअरचा स्वच्छपणा निम्मा त्या उंचीत आहे: हळू ठोक्याला ३ इंच, जोराच्या ठोक्याला ९ किंवा १२, आणि हे आकडे कागदावर लिहिलेले.

झेंडेवाली पोरं म्हणजे कलर गार्ड. तिघं-चौघं असली तरी ठेवा, कारण लांबून बघणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. काठी सहा फुटी. फिरवताना ती डळमळत असेल, तर दोन्ही टोकांत बोल्ट घालून वर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतात, वजन टोकाला गेलं की फिरकी स्थिर होते. काठीच्या बरोबर मध्यावर टेपचा एक वेढा द्या. हात अंधारातही तिथंच पडला पाहिजे.

लहान शाळांत आणखी एक प्रकार असतो, जो कुठल्याच कोअरच्या व्हिडिओत दिसणार नाही. मध्यंतराला फुटबॉलच्या संघातलीच दोन-तीन पोरं हेल्मेट काढून बँडमध्ये येतात. खांद्यांवर पॅड असल्यानं सूसाफोन बसत नाही, ड्रम खांद्यांवर अडकवायचा कॅरियरही बसत नाही. त्यांना ट्रम्पेट, ट्रॉम्बोन किंवा झांजा द्या. रांगेच्या टोकाला, संघाच्या बाकाजवळ उभं करा, चालवू नका, आणि त्यांच्याशिवायही शो उभा राहील असं लिहा. प्रशिक्षकानं मध्येच हाक मारली की ती जाणारच.

आणि तालीम. कोअरची मुलं एक तुकडा करतात, "रीसेट" ऐकू आलं की धावत मागच्या डॉटवर जातात, एका वाक्यात सूचना ऐकतात, पुन्हा तोच तुकडा करतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात. शाळेत रीसेटला दोन मिनिटं जातात, कारण शिकवणारा सहा चुका सांगतो आणि पोरं तोवर गप्पांत रमतात. एका फेरीला एकच चूक सांगा, आणि शक्यतो पायांची. आधी वाद्याशिवाय चालत ओळ तोंडानं म्हणवून घ्या, मग जागेवर उभं राहून वाजवून घ्या, मग दोन्ही एकत्र. मधली पायरी गाळली तर कुठं चुकतंय, सुरात की पायात, ते कळत नाही.

उन्हाळ्यात जवळपास कोअरची स्पर्धा असेल तर पोरांना घेऊन जा, पण दार उघडायच्या आधी दोन तास पोचा. स्टेडियमच्या मागे पार्किंगमध्ये प्रत्येक कोअर तयारीला उभा असतो. चाहते त्याला नुसतं "लॉट" म्हणतात, आणि बरेचसे तिकिटाच्या जागेपेक्षा तिथंच जास्त वेळ घालवतात. गर्दी स्नेअरच्या समोर असते. तुम्ही ब्रासच्या कडेला, थोडं मागे उभे राहा. तिथून टाचा दिसतात.