खच्ची घोड्याची खोळ: किती धुवायची, कशी धुवायची

खरारा रोज होतो, खूर रोज साफ होतात, पण पोटाखाली हात घालायची वेळ आली की मालक मोतद्दाराकडे बघतो आणि मोतद्दार मालकाकडे. मग एकतर वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकत नाही, नाहीतर कुणीतरी दर पंधरवड्याला साबण लावून घासायला लागतो. पहिल्याला सगळे आळशी म्हणतात, दुसऱ्याचं कौतुक होतं. खरं तर साबणवाल्याच्या घोड्यालाच त्रास होण्याची शक्यता मोठी असते.

शिश्न ज्या दुहेरी दुमडीच्या कातडीत राहतं ती खोळ. तिच्या आत तेलग्रंथींचा स्राव, झडलेल्या कातडीच्या पेशी आणि धूळ मिळून मळ तयार होतो. काही घोड्यांत तो कोरडा, पापुद्र्यांसारखा असतो, काहींत काळा आणि वंगणासारखा चिकट. हा मळ म्हणजे रोग नव्हे. थोडा मळ कातडीचं रक्षण करतो आणि तिथले नेहमीचे जीवाणूही कामाचे असतात. अँटिसेप्टिक लावून ते मारले की रिकाम्या जागी स्यूडोमोनास, क्लेबसिएला यांसारखे उपद्रवी जीवाणू जम बसवतात. कातडी कोरडी पडते, चिरते, आणि मळ उलट वाढतो. म्हणून डेटॉल, सॅव्हलॉन, पोटॅशियम परमँगनेट, भांड्यांचा साबण, शाम्पू यांतलं काहीही नको. मोहरीचं तेल तर नकोच, त्याने आग होते.

खच्ची घोड्यातच ही कटकट जास्त का? वळू घोड्याचं शिश्न वरचेवर पूर्ण बाहेर येतं, त्यामुळे बराच मळ आपोआप झडतो. लहान वयात खच्ची केलेल्या घोड्याचं शिश्न तुलनेने लहान राहतं, आणि बरेच घोडे खोळीच्या आतच लघवी करतात. त्यात घोडा लठ्ठ असेल तर खोळीत चरबी साठून आणखी अडचण.

सहा ते बारा महिन्यांतून एकदा तपासणं बहुतेक घोड्यांना पुरतं. तपासलं म्हणजे धुतलंच पाहिजे असं नाही. मळ थोडा आहे, शिश्नाच्या टोकाशी साठून घट्ट झालेला मळाचा खडा नाही, वास नेहमीचा आहे, तर हात बाहेर काढा आणि घोड्याला चरायला सोडा. काही घोड्यांत मात्र खडा तीन-चार महिन्यांत पुन्हा तयार होतो. त्यांचं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागतं.

तयारीत पहिलं काम नखं कापणं आणि अंगठी काढणं, हातमोजे घालणार असलात तरीही. नायट्रिलचे मोजे चालतात, पण जनावरांचे डॉक्टर वापरतात तसे खांद्यापर्यंतचे लांब मोजे असतील तर उत्तम, कारण हात मनगटाच्या बराच वर आत जातो आणि मळाचा वास दोन दिवस सुटत नाही. दोन बादल्यांत दहा-दहा लिटर कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. कापसाचे मोठे बोळे किंवा जुन्या सुती कापडाचे तुकडे घ्या. मळलेला बोळा पुन्हा बादलीत बुडवायचा नाही, फेकून द्यायचा. एकच स्पंज सगळ्या तबेल्याला फिरवणं हा संसर्ग वाटण्याचा सोपा मार्ग आहे.

मळ वाळून घट्ट झाला असेल तर आदल्या संध्याकाळी २०-३० मिली लिक्विड पॅराफिन (पातळ खनिज तेल) आत चोळून ठेवा. औषधाच्या दुकानात मिळतं. रात्रभरात पापुद्रे सुटतात आणि दुसऱ्या दिवशी घासावं लागत नाही.

घोडा कामावरून येऊन सैलावला असेल ती वेळ निवडा. मोरकी धरणारा माणूस तुमच्याच बाजूला उभा हवा. घोडा बिथरला तर त्याने डोकं आपल्याकडे ओढायचं, म्हणजे मागचा भाग तुमच्यापासून लांब जातो. तुम्ही डाव्या बाजूला, फासळ्यांना चिकटून, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. डावा हात पाठीवर सपाट ठेवा, अंग ताठलं की तो हात आधी सांगतो. उजव्या हाताने आधी पोट चोळा, मग मांडीची आतली बाजू, मग खोळीचं तोंड. थेट आत हात घातलात तर लाथ बसेल, आणि चूक तुमची असेल. मागचा पाय पुढे पोटाकडेही येतो हे विसरू नका.

मग ओल्या बोळ्याने मळ हलक्या हाताने सैल करत आत जायचं. खरवडायचं नाही. जो पापुद्रा सहज सुटत नाही तो राहू द्या, त्याच्याखाली कोवळी कातडी असते. पाइप आत घालून धार मारणं टाळा. गार पाण्याने शिश्न आणखी आत ओढलं जातं, आणि जोराची धार घाण वरच्या दुमडीत ढकलते.

खरी मेख खड्याची. शिश्नाच्या टोकाला मूत्रमार्गाचं बोटासारखं लहानसं टोक पुढे आलेलं असतं, आणि त्याच्याभोवती खळगी असते. खळगीच्या वरच्या बाजूला एक कप्पा असतो, त्यात मळ दाबला जाऊन राखाडी, मेणचट खडा तयार होतो. हरभऱ्याएवढा असेल तर घोड्याला पत्ताही नसतो. अक्रोडाएवढा झाला की मूत्रमार्ग दाबला जातो. मग लघवीची धार फाटते, वाकडी जाते, थेंबथेंब येते किंवा मागच्या पायांवर उडते. काढताना शिश्नाचं टोक चार बोटांत हलकेच धरा, खळगीत थोडं पॅराफिन सोडा, करंगळी कडेने फिरवा आणि खडा बाहेर लोळवा. मोठा असेल तर आतच चुरून तुकड्यांनी काढा. अनेकदा एकापेक्षा जास्त खडे असतात, एक निघाला म्हणून थांबू नका. मूत्रमार्गात मात्र काहीही घालायचं नाही, कापसाची काडीसुद्धा नाही.

शेवटी दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने तेल आणि सुटलेला मळ धुऊन काढा. नंतर एखाद-दोन दिवस खोळ थोडी सुजते. घोडा चालता ठेवला की ती उतरते. सूज गरम असेल, हात लावू देत नसेल किंवा उतरत नसेल तर डॉक्टर.

घोडा शिश्न सोडतच नसेल तर झटापट करू नका. डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देऊन पाच मिनिटांत काम करतात. गुंगीतला घोडाही लाथ मारतो, तेव्हा उभं राहायची जागा बदलायची नाही. एसप्रोमाझीन या गुंगीच्या औषधाने शिश्न छान सैल पडतं, पण क्वचित ते परत आतच जात नाही, म्हणून मनाने ते कधीही देऊ नये. कोणत्याही कारणाने शिश्न बाहेर लटकून राहिलं तर काही तासांत सूज चढते. ओल्या कापडाचा आधार द्या आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. घोडा कुंथतोय पण लघवी होत नाही, तीही आणीबाणीच. तिथे मळाचा खडा शोधत बसू नका, मूतखडा असू शकतो.

दुडकी चालताना खोळीतून येणारा घळघळ आवाज मळाचा नसतो. पोटाचे स्नायू ताठ धरल्यामुळे आत-बाहेर होणाऱ्या हवेचा तो आवाज आहे. त्यासाठी धुऊन उपयोग नाही.

हात आत आहेच तर कातडी नीट बघून घ्या. न भरणारी जखम, कोबीच्या गड्ड्यासारखी वाढ, रक्त, कुजका वास यांतलं काही दिसलं तर कर्करोगाची शंका घ्यावी. गुलाबी कातडीवर तो जास्त होतो. आपल्याकडे वरातीला लागणाऱ्या पांढऱ्या नुकऱ्या घोड्यांची कातडी तशीच गुलाबी असते, त्यांना दर वेळी उजेडात तपासा. माश्यांच्या दिवसांत हॅब्रोनेमा कृमीच्या अळ्यांमुळेही तिथे हुबेहूब तशीच जखम होते, आत पिवळसर बारीक कण्या दिसतात. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही, तुकडा तपासायला पाठवावा लागतो. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून अळ्या पडतात त्या वेगळ्याच, आणि त्यांना एका दिवसाचीही सवड द्यायची नसते.