स्टेशनाबाहेरचे दोनशे मीटर

छत्रपती संभाजीनगरात रेल्वे स्टेशन एकीकडे, मध्यवर्ती बसस्थानक दुसरीकडे, आणि सिडको बसस्थानक नि चिकलठाण्याचं विमानतळ जालना रोडला. ही ठिकाणं उचलून एकत्र आणता येणार नाहीत. पण उतरलेल्या माणसाला पुढचं वाहन सरळ मिळावं, एवढ्यासाठी टोलेजंग इमारतही लागत नाही.

आधी वेळेचं बघू. रेल्वेचा एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा जवळपास 24 मीटरचा, म्हणजे 22 डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या वर. बॅगा आणि लेकरं सांभाळत माणूस सेकंदाला मीटरभरच चालतो. शेवटच्या डब्यापासून फलाटाच्या मध्यापर्यंत साडेचार मिनिटं, वर दादरा, म्हणजे रुळांवरचा पादचारी पूल, आणि गर्दी. दहा मिनिटं धराच. गाडीनंतर पाच मिनिटांनी सुटणारी सिटी बस मग रिकामीच जाणार, आणि पुढे ‘स्टेशनला प्रवासी नाहीत’ म्हणून ती फेरीच बंद पडणार! गाडी प्रत्यक्ष आल्यावर पंधरा मिनिटांनी बस सुटावी. मात्र गाडी लेट असेल तर बस ठरलेल्या वेळेपुढे जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबवायची, नाहीतर पुढच्या थांब्यांवरचे लोक बोंब मारतील.

आता जागा. रिक्षा अडीच मीटरच्या थोडी वर. मोकळी जागा धरून दहा रिक्षांना 30 मीटर रांग लागते. ही रांग बसथांब्याच्या पुढे हवी. मागे ठेवली की सीटा भरलेली प्रत्येक शेअर रिक्षा बसला वळसा घालून निघते, आणि सीटा म्हणजे प्रवासी शोधणारे रिक्षावाले थेट थांब्यावरच येऊन उभे राहतात.

रस्त्याच्या कडेला खाचा पाडून केलेले बसथांबे मला तरी पटत नाहीत. आत शिरलेल्या बसला परत रस्त्यावर कोणी येऊ देत नाही, म्हणून ड्रायव्हर बाहेरच थांबतो. खाचेत रिक्षा लागतात आणि म्हातारी बाई भर रस्त्यात चढते. त्यापेक्षा फुटपाथच बसपर्यंत पुढे आणावा. कडेची उंची 150 मिलिमीटर, चढायचा उतार 1:12 (बारा मीटरला एक मीटर चढ), चालायला खांब-टपरी सोडून 1.8 मीटर मोकळे.

देवगिरी एक्सप्रेस मुंबईहून पहाटे येते, तेव्हा सिटी बसचा भरवसा नसतो. त्या वेळेसाठी प्रीपेड रिक्षाची खिडकी उघडी आणि भाड्याचा फलक दिव्याखाली हवा, तोही स्टेशनच्या दाराच्या आतल्या बाजूला, घासाघीस सुरू व्हायच्या आधी दिसेल असा.