राज्यशास्त्राच्या पदवीचा हिशेब

दादाच्या मुलीने बारावीनंतर राज्यशास्त्र घ्यायचे ठरवले, तेव्हा बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या आमच्या घरी पहिला प्रश्न निघाला तो पैशांचाच. "एवढी वर्षे घालवून हिच्या पदरी काय पडणार? आता तर अहवालही यंत्रच लिहून देते," असे दादा म्हणाला. मी गेली वीस वर्षे लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या लिहीत आले आहे, म्हणून हाही हिशेब मांडायला बसले.

खर्चाची बाजू हलकी आहे. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शाखेचे शुल्क खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयापेक्षा पुष्कळच कमी पडते आणि मुलगी घरूनच ये-जा करणार आहे.

जमेची बाजू मात्र मला बराच वेळ अडवून बसली. बातम्यांचा गोषवारा काढणे, संदर्भ जमवणे, अहवालाचा कच्चा मसुदा करणे, अशाच कामांतून या विषयाचे पदवीधर वृत्तपत्रांत आणि संस्थांत शिरत असत, आणि नेमकी हीच कामे कृत्रिम बुद्धिमत्ता आता काही मिनिटांत करते; त्यामुळे दादाची भीती मला खोटी वाटत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १७५० लेखी गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात आणि तो विषय राज्यशास्त्र घेता येतो हे खरे, पण त्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, तेव्हा ती आशा मी जमेत धरली नाही.

त्याच संध्याकाळी मुलीने फोनवरच्या चॅटबॉटला प्रभाग समित्यांविषयी विचारले. नगरपालिकांविषयीच्या ७४व्या घटनादुरुस्तीनुसार प्रत्येक नगरपालिकेत त्या बंधनकारक आहेत, असे सफाईदार उत्तर आले. तिने राज्यघटना उघडून अनुच्छेद २४३-एस काढला आणि बोट ठेवून मला दाखवले, "आत्या, तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असेल तरच." ते उत्तर मी तरी तसेच खरे मानून चालले असते. मूळ कलम कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे हे जाणणाऱ्या माणसाला मोल राहील, असे मला मनापासून वाटते, कारण चुकीच्या मसुद्यावर सही करणाऱ्याचे नुकसान यंत्र भरून देत नाही.

तरीही नुसत्या पदवीवर मी पैसे लावणार नाही. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढे ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. राज्यकारभार आणि आकडे त्यांनी एकत्रच वाचले. म्हणून शुल्कात वाचणारी रक्कम संख्याशास्त्राच्या शिकवणीसाठी बाजूला ठेवावी, असे मी दादाला सुचवले. ते त्याने मान्य केले आहे, आणि जोडविषय म्हणून संख्याशास्त्र घेता येते का, हे विचारायला आम्ही दोघी सोमवारी विद्यापीठात जाणार आहोत.